दाजींची एकवीस कलमं

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान रंगराव दाजी जन्मले पुण्याजवळच्या मांजरी गावात, उसाच्या शेतकऱ्याच्या घरी, आणि निवृत्त झाले सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून. हा सगळा प्रवास एका कोयत्याने घडवला. ते अकरा वर्षांचे असताना त्यांना पहिल्यांदा ऊसतोडीला उभं केलं. पहिल्याच घावात त्यांनी ऊस सोडला आणि स्वतःची नडगी गाठली. त्यांचे वडील सोनबा यांनी जखमेवर हळद दाबली आणि तिथंच निकाल देऊन टाकला, "ह्याच्या हातात धारंचं काय बी देऊ नगा. ह्याला साळंत घाला." भाऊ शेती करू लागले आणि दाजींच्या हाती पेन आलं.

पुढची सत्तेचाळीस वर्षं त्यांनी वडिलांचा निकाल खरा करून दाखवला. पेन्सिलीला टोक काढताना कापून घेतलं. पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडताना कापून घेतलं. एकदा तर पाकीट चिकटवताना कागदाच्या कडेने ओठ कापला. हे कसं जमतं ते मला आजही कळलेलं नाही. माझी बहीण कौशल्या, जिला मी अक्का म्हणतो, बिबवेवाडीच्या घरात मिठाच्या बरणीशेजारी कापसाची बरणी ठेवते. घरात विळी आहे, पण ती कुठे ठेवलीय ते दाजींना माहीत नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी टेकडीवर जातात, हास्यक्लबात उभं राहून कारण नसताना हसतात, नाहीतर सोसायटीच्या चेअरमनला पत्रं लिहितात. दाजींनी राउटर घेतला.

हा इंटरनेटचा डबा नव्हे. हे सुतारकामाचं मशीन. दोन्ही हातांनी दोन मुठी पकडायच्या, खाली एक पोलादी पातं असतं, त्याला बिट म्हणतात, आणि ते मिनिटाला पंचवीस हजार वेळा फिरतं. लाकडात खाच पाडतं, कड गोल करतं, नक्षी काढतं. लाकडाच्या जागी दुसरं काही आलं तर त्यातही हेच करतं, भेदभाव करत नाही. भाचीने, म्हणजे त्यांच्या तेजस्विनीने, मोबाइलवरून मागवून दिलं. पार्सल उघडल्यावर अक्का पाच मिनिटं त्या बिटकडे बघत राहिली आणि मग मला फोन करून म्हणाली, "रणजित, खाली ये. तुझ्या दाजींनी घरात मरण मागवलंय, कुरिअरने."

मी त्याच इमारतीत दोन मजले वर राहतो, त्यामुळे त्यांच्या घरातल्या कुठल्याच प्रसंगातून माझी सुटका नसते.

दाजींचं म्हणणं साधं होतं. तेजूचं लग्न ठरलं होतं, तुळशीचं लग्न झाल्यावर तिचं. बोहल्यावर नवरानवरी ज्या पाटांवर उभी राहतात, ते दोन पाट त्यांना स्वतःच्या हातांनी करायचे होते. सागवानी, कडेने नक्षीची खाच असलेले. अक्का म्हणाली, पाट बाजारात मिळतात, आणि ते करणाऱ्या माणसाला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागत नाही.  दाजी मला गॅलरीत घेऊन गेले आणि म्हणाले, "आयुष्यभर मी हाताने एक वस्तू केलेली नाही रे. टिपण्या लिहिल्या. पोरीला दाखवायला टिपणी काढणार का मी?"

मला ते ऐकून वाईट वाटलं. मी उगाचच अक्कापाशी त्यांची वकिली केली, आणि तिने शेवटी एक अट घातली. रक्ताचा एक थेंब दिसला, एकच, की मशीन भंगारात. दाजी म्हणाले, "मान्य." मग त्यांनी ती अट एका वहीत लिहिली, खाली तारीख टाकली आणि अक्काची सही घेतली. अक्काने "हे काय आता" म्हणत सही केली. तिला वाटलं, आठवड्याभरात प्रश्न मिटेल.

तिचा हिशेब चुकला, कारण तिने कोयता धरणारा मुलगा डोळ्यांपुढे ठेवला होता. मशीन धरायला हेडक्लार्क आला.

दाजी टिंबर मार्केटमधल्या अनंत मिस्त्रींकडे तीन आठवडे शिकायला गेले. शिकायला म्हणजे स्टुलावर बसून लिहून घ्यायला. मिस्त्री तोंडात तंबाखू धरून सांगायचे, "फिरतंय त्याच्या उलट ढकला. त्याच्याच बाजूने ढकललंत तर ते तुम्हाला घेऊन पळेल." दाजी लिहून घ्यायचे. "सहा मिलिमीटर खोल जायचंय? मग तीनदा जा, दोन-दोन मिलिमीटर. मागे कोण लागलंय?" दाजी लिहून घ्यायचे, आणि कोण लागलंय त्याचाही विचार करायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना विचारलं, तुम्ही डोळ्यांना गॉगल का लावत नाही? मिस्त्री म्हणाले, वीस वर्षांत कधी लावला नाही. दाजी म्हणाले, वीस वर्षं हे कारण होत नाही, ती नुसती मुदत झाली. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गॉगल लावला. त्यांचा कारागीर मला म्हणाला की मिस्त्री कंटाळून हरले.

या शिक्षणातून एकवीस कलमं तयार झाली. टाइप करून, प्लॅस्टिकच्या कव्हरात. बिट बदलताना प्लग काढलेला असावा, नुसतं बटण बंद चालणार नाही. फळी दोन्ही बाजूंनी क्लॅम्पने आवळलेली असावी. हातमोजे घालू नयेत, कारण मोजा गुंतला की हात त्याच्या मागे जातो. अंगावर लोंबणारं काही नसावं. या लोंबणाऱ्या कलमावर दाजींनी दोन दिवस विचार केला, कारण कमरेचा करगोटा त्यात येतो की नाही ते स्पष्ट नव्हतं. शेवटी "शर्ट आत खोचलेला असल्यास करगोटा चालेल" अशी उपसूचना जोडली.

लाकूड मांजरीहून आलं. तिथला जुना गोठा पाडून आता फ्लॅट होतायत, आणि गोठ्याची सागवानी तुळई दाजींचे चुलतभाऊ गेनबा यांनी फळ्या पाडून टेम्पोत घालून आणली. दाजींनी विचारलं, "गेनबा, यात खिळे?"

"एक बी न्हाय. म्या सोता काढल्यात."

दाजींनी खिशातून लोहचुंबक काढला आणि फळ्यांवरून फिरवायला सुरुवात केली. खिळ्यावर फिरतं बिट आदळलं तर तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही, हे कलम पाच. अर्ध्या तासात चौदा खिळे निघाले. गेनबांनी ते हातात घेऊन निरखले आणि अजिबात न ओशाळता म्हणाले, "हे व्हय? हे आज्ज्याच्या टायमाचं हायेत. म्या माझं काढलं."

सोसायटीचे सेक्रेटरी आप्पासाहेब यांनी दाजींना तळमजल्याच्या मागच्या मोकळ्या जागेत रविवारी दहा ते बारा काम करायची परवानगी दिली. आणि एकविसाव्या कलमानुसार माझी नेमणूक झाली. एकविसावं कलम असं की मशीन चालू असताना एक माणूस भिंतीवरच्या बटणाशी उभा पाहिजे, त्याने दुसरं काही करायचं नाही, आणि "बंद" ऐकू आलं की बटण बंद करायचं. रविवारची माझी झोप, माझी मिसळ, माझं वर्तमानपत्र, सगळं त्या बटणात गेलं.

काम सुरू करण्याआधी कलमं मोठ्याने वाचली जात. दाजी विचारणार, मी उत्तर देणार.

"प्लग काढलेला?"

"काढलेला."

"क्लॅम्प दोन्ही?"

"दोन्ही."

"तुझ्या मनगटातला तो धागा?"

"दाजी, मी मशीनपासून सहा फूट लांब आहे."

"धागा काढ, रणजित."

चौदावं कलम खास माझं होतं. बिट मशीनच्या ज्या पकडीत बसतं, तिच्यात भुसा अडकलेला चालत नाही. पकड घट्ट बसत नाही आणि बिट सरकतं. दाजींचा जवळचा नंबर मोठा, आणि गॉगल चढवला की आत चष्मा मावत नाही. म्हणून ते मशीन उलटं धरणार, मी टॉर्च मारून आत बघणार आणि "साफ" म्हणणार. मग ते बिट घालणार, किंचित वर ओढणार आणि दोन पान्यांनी आवळणार.

पहिले दोन महिने त्यांनी नुसत्या टाकाऊ फळकुटांवर हात बसवला. मी पहिल्या दोन-तीन रविवारी मान वाकडी करून पकडीत नीट बघितलं. दर वेळी साफच असायची, कारण दाजी स्वतः ब्रशने घासून ठेवायचे. मग मी जरा लांबून बघू लागलो. मग टॉर्च न लावता. आरतीत शेवटची कडवी येत नसली की आपण नुसता सूर लावतो, तसं माझं "साफ" झालं.

दोन महिन्यांत रक्त नाही. अक्का स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायची. एका रविवारी तिने दाजींना चहा आणून दिला आणि कप ठेवताना म्हणाली, "बरं चाललंय." दाजी दिवसभर ते वाक्य तोंडात घोळवत होते.

मग दसरा आला. अक्काने दरवर्षीप्रमाणे पाटावर घरातली हत्यारं मांडली. विळी, अडकित्ता, पाना, स्क्रूड्रायव्हर, तेजूचा लॅपटॉप. आणि मग दाजींना म्हणाली, "तुमचं तेही आणा."  मशीन पाटावर आलं. अक्काने त्याला हळद-कुंकू वाहिलं, ओंजळभर ओल्या कुंकवाच्या अक्षता घातल्या, झेंडूचा हार घातला, आणि हात जोडून त्या मशीनला म्हणाली, "सांभाळून घे रे बाबा यांना." मी बघत होतो. तेजूने बापाकडे बघितलं आणि पटकन आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दाजींनी मशीन पुसलं, ब्रश मारला, झेंडूच्या पाकळ्या वेचून काढल्या. त्यापुढच्या रविवारी पहिल्या पाटाची शेवटची कड राहिली होती. तीन कडांची खाच अशी सरळ उतरली होती की अनंत मिस्त्री फोटो बघून "मीच केलंय असं वाटतंय" म्हणाले होते.

त्या दिवशी मॅच होती. मोबाइल माझ्या डाव्या हातात होता, आणि शेवटची सहा षटकं राहिली होती. दाजींनी मशीन उलटं धरलं.

"पकड?"

"साफ."

मी वर बघितलंदेखील नाही.

दाजींनी बिट घातलं, आवळलं, प्लग लावला, कानांवर आवाज अडवणारे गोळे चढवले. मशीन सुरू झालं. निम्मी कड होईपर्यंत नेहमीचाच आवाज होता. मग तो बदलला. घूं-घूं चाललं होतं ते एकदम किंचाळायला लागलं, आणि जळक्या सागाचा वास आला. बिट पकडीतून खाली सरकत होतं आणि दाजींना कळायच्या आत लाकडात खोल चाललं होतं. दुसरा कुणीही माणूस दचकून मशीन उचलता, आणि मग ते बिट कुठे गेलं असतं याचा विचार मी आजही करत नाही. दाजींनी उचललं नाही. दोन्ही मुठी होत्या तशा धरून ठेवल्या, पाय रोवले आणि ओरडले, "बंद!"

बटणाधिकारी म्हणून माझी कामगिरी अशी: मी घाबरून आधी शेजारचं, पायऱ्यांवरच्या दिव्याचं बटण दाबलं. मग योग्य दाबलं. आणि मग मागे उडी मारताना फळ्यांच्या ढिगावर हात आपटून घेतला. एक कुसळ अंगठ्यात घुसलं.

मशीन पूर्ण थांबेपर्यंत दाजी हलले नाहीत. थांबल्यावर प्लग काढला, मशीन आडवं ठेवलं. खाली फरशीवर बसले आणि पहिला प्रश्न विचारला तो मला. "तुला लागलं का रे?"

मी अंगठा बघत पाटाजवळ गेलो, आणि पाटावर रक्ताचा एक टपोरा थेंब पडला. तेवढ्यात अक्का धावत आली.

तिने थेंब बघितला. "कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो. "कुसळ लागलं. मशीनचा काही संबंध नाही."

पण दाजी उठून मशीनची पेटी ओढत होते. "कुणाचं ते अटीत लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "थेंब म्हणजे थेंब." चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांत खोट काढणारा माणूस स्वतःच्या अर्जात मात्र पळवाट शोधेना. त्यांनी वायर गुंडाळली. वही काढून नोंद केली: बिट सरकले, पकड मी स्वतः पाहिली नाही, दोष माझा.

अक्काने मशीन हातात घेतलं. बिट जेमतेम टोकावर लटकत होतं. तिने ते काढलं, केसांतली पिन पकडीत फिरवली आणि काहीतरी बाहेर काढलं. चेंगरलेला, लाल झालेला तांदळाचा दाणा. ती तो तळहातावर घेऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघवेना.

"ही माझी अक्षता," ती म्हणाली. "म्हणजे मीच..."

"छे छे," दाजी म्हणाले. "अक्षतेचा काय दोष? बघायचं काम मशीन धरणाऱ्याचं."

दोघंही दोष आपापल्याकडे ओढत होती, आणि ज्याचा होता तो अंगठा चोखत उभा होता. मला गप्प बसता आलं असतं. कुणी विचारलं नव्हतं. पण दाजी पेटीचे बंद आवळायला लागले, आणि लहान मुलाकडून पतंग काढून घ्यावा तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"अक्का," मी म्हणालो, "बघायचं काम माझं होतं. मी न बघता साफ म्हणालो. मॅच बघत होतो."

अक्काने माझ्याकडे बघितलं. "मला वाटलंच," ती म्हणाली. "शुभंकरोतीलासुद्धा तू नुसते ओठ हलवायचास." मी हसणार होतो, तेवढ्यात ती ओरडली. चाळिशी पार केलेल्या भावावर भर सोसायटीत ओरडली. "त्यांना काही झालं असतं तर, रणजित? पोरीचं लग्न महिन्यावर आलंय! तो माणूस एवढी एवढी गोष्ट वाचून करतो, आणि तुझ्याच्याने एका भोकात बघवत नाही?" आणि ती रडायला लागली. मी आयुष्यात इतका लाजलो नव्हतो.

डोळे पुसून झाल्यावर तिने पाटाकडे बघितलं. चौथ्या कडेला बोटभर खोल चर पडला होता. "हे दुरुस्त होतं का?"

"होईल," दाजी हळूच म्हणाले. "चारी बाजूंना तेवढीच खोल खाच घ्यायची आणि शिसवीची पट्टी बसवायची. पण त्याला हेच मशीन लागतं."

"मग पेटी कशाला बांधताय?"

"अट..."

"अट मी घातली होती, मी काढते. बटणाशी मी उभी राहणार."

दाजींचा चेहरा उजळला, पण हेडक्लार्क मरत नाही. त्यांनी वही पुढे केली. "तेवढं लेखी द्याल का?"

अक्काने त्यांच्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकलो. मग सही केली.

पाट झाले. काळ्या शिसवीच्या पट्टीचे ते दोन पाट लग्नात सगळ्यांनी वाखाणले, आणि ती पट्टी मुळात का आली ते गेनबांनी मांडवभर सांगून टाकलं. पण मला आठवतो तो त्या आधीचा, पट्टीच्या खाचेचा रविवार.

अक्का साडीचा पदर खोचून आली. बांगड्या काढायला ती तयार नव्हती, म्हणून त्या वर सरकवून त्यांच्यावर रुमाल करकचून बांधला होता. पकडीत तिने टॉर्च मारून बघितलं, कापसाची काडी फिरवून ती उजेडात धरून बघितली, मग मला बघायला लावलं. दाजींनी गॉगल काढला, चष्मा लावला, स्वतः बघितलं, चष्मा काढला, गॉगल लावला. बारा मिनिटं गेली. आप्पासाहेब वरून डोकावून विचारून गेले की आज काम आहे की पूजा.

मशीन सुरू झालं. मी भिंतीला टेकून उभा होतो, मोबाइल घरी ठेवून. अक्काचं एक बोट बटणावर होतं. ती खाचेकडे बघत नव्हती, लाकडाकडेही नाही. मशीनच्या मुठींकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं काहीतरी म्हणत असेल. मी दोन पावलं पुढे झालो. त्या आवाजात ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण ओठांवरून कळलं. एक, दोन, तीन, चार. दहापर्यंत जायची आणि पुन्हा एकपासून दाजींची बोटं मोजायला लागायची. खाच संपली, मशीन थांबलं, प्लग निघाला, तरी तिने आणखी एकदा दहापर्यंत मोजलं. मग पदर सोडला आणि चहा टाकायला आत गेली.